एपिसोडमधल्या चुका मी कशा शोधते

पहिल्यांदा भाग नुसता पाहा, वही घेऊच नका. गोष्टीत रमल्याशिवाय ती कुठे अडते ते कळत नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद करा. संवाद नसले की नजर आपसूक बाह्यांकडे, केसांकडे, जखमांकडे जाते. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा 'द एनिमी विदिन' हा भाग मी असा पाहिला, तेव्हा यानाचा कॅप्टन कर्क याच्या दुष्ट प्रतिरूपाच्या गालावरचे ओरखडे एका शॉटमध्ये चक्क दुसऱ्या गालावर दिसले. फिल्म उलटी लागली की असंच होतं. शंका आली तर भांग बघा, तोही बाजू बदलतो. मिनिट-सेकंद लगेच टिपा.

कथेतल्या भोकांसाठी वेगळं पान ठेवा. प्रत्येक संकटाला विचारा: यांच्या हाताशी आणखी काय होतं? याच भागात ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना क्षणात यानातून ग्रहावर आणि परत नेणारं यंत्र, बिघडलाय, यानावरचा अधिकारी सुलू आणि सोबतचे ग्रहावर गारठताहेत, मग शटल, म्हणजे ने-आण करणारं छोटं यान, का पाठवत नाहीत? पण शिक्का मारण्याआधी तारखा तपासा. हा भाग ऑक्टोबर १९६६चा. शटल पडद्यावर आलं नोव्हेंबरात, 'द मेनाजरी' या भागात. म्हणून अशा नोंदीपुढे मी 'नंतर पडलेलं भोक' असं लिहिते, आणि लेखकाला दोष देत नाही.