डिप्लॉइड यीस्टमध्ये इव्होल्यूशन बघताय? डॉमिनन्सच्या या चुका टाळा

यीस्टवर पोस्टडॉक सुरू केलं की आधी सगळं सोपं वाटतं. वायपीडी या पोषक मीडियात ३० डिग्रीला साधारण दीड तासात डबल होणारा जीव, रोज ताज्या मीडियात १:१००० ट्रान्सफर केलं की दिवसाला जवळपास १० पिढ्या, मग सिक्वेन्सिंगला पाठवायचं आणि कुठलं म्युटेशन जिंकलं ते बघायचं. हॅप्लॉइडमध्ये, म्हणजे प्रत्येक जीनची एकच कॉपी असलेल्या पेशीत, हे बऱ्यापैकी चालून जातं. डिप्लॉइडमध्ये मात्र प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात आणि नवं म्युटेशन आधी एकाच कॉपीत येतं, त्यामुळे एका कॉपीत असताना त्याचा फायदा किती दिसतो यावरच ते टिकणार का हरवणार हे ठरतं. हाल्डेनची चाळणी म्हणतात ती हीच. जे. बी. एस. हाल्डेन हे इव्होल्यूशनचं गणित मांडणारे जेनेटिक्सचे शास्त्रज्ञ, १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले, पण हे गणित त्यांनी १९२० च्या दशकातच मांडलेलं: मोठ्या पॉप्युलेशनमध्ये टिकण्याची शक्यता साधारण दोन गुणिले एच गुणिले एस, त्यातला एस म्हणजे दोन्ही कॉपी बदलल्यावर मिळणारा फायदा आणि एच म्हणजे डॉमिनन्स, त्या फायद्यातला किती हिस्सा एकाच कॉपीने दिसतो तो. तो न मोजता नुसतं 'म्युटेशन फायद्याचं आहे' असं लिहिलं तर काम अर्धंच झालं असं मी मानतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एच मोजताना. बरेच जण हॅप्लॉइड म्युटंटचा फिटनेस (इतरांच्या तुलनेत किती चांगला वाढतो ते) घेतात, डिप्लॉइड हेटरोझायगसचा (एकच कॉपी बदललेल्याचा) घेतात आणि भागाकार करून मोकळे होतात. असं करू नका, कारण प्लॉइडी, म्हणजे जीनच्या किती कॉपी आहेत ते, बदलली की पेशीचा आकार बदलतो, वाढीचा वेग बदलू शकतो, आणि तो फरक तुम्ही म्युटेशनच्या नावावर टाकता. तिन्ही डिप्लॉइड लागतात: साधा, एक कॉपीवाला आणि दोन कॉपीवाला, एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, एकाच रेफरन्स स्ट्रेनशी कॉम्पिटिशन लावून, आणि ज्या मीडियात इव्होल्यूशन झालं त्याच मीडियात, कारण एका मीडियातला एच दुसऱ्यात तसाच राहील याची खात्री नसते. शिवाय एस अगदी छोटा असेल तर एच म्हणजे एका छोट्या आकड्याला दुसऱ्या छोट्या आकड्याने भागणं, एरर बार बघूनच कळतं की रेप्लिकेट वाढवल्याशिवाय काही बोलता येणार नाही.

हे तीन स्ट्रेन बनवतानाही एक अडचण हमखास येते. डिप्लॉइडमध्ये थेट क्रिस्पर (जीन एडिट करायचं तंत्र) लावला की त्यातला डीएनए कापणारा कॅस-९ साधी कॉपीही कापत राहतो आणि बहुतेक वेळा दोन्ही कॉपी बदललेल्याच मिळतात, मग लोक म्हणतात हेटरोझायगस मिळतच नाही. हॅप्लॉइडमध्ये एडिट करा, कॅस-९ चा प्लास्मिड (त्याचं जीन असलेला डीएनएचा छोटा गोल) काढून टाका आणि मग साध्या स्ट्रेनशी मेट (संकर) करा, सुटेल.

दुसरी गोष्ट, हेटरोझायगस कायम हेटरोझायगसच राहील असं धरून चालू नका. माइटोसिसमध्ये (पेशीच्या साध्या विभाजनात) रीकॉम्बिनेशन, म्हणजे दोन कॉपींमध्ये डीएनएची अदलाबदल, होतं आणि त्या जागेपासून क्रोमोसोमच्या टोकापर्यंतचा तुकडा एकसारखा होऊ शकतो, याला लॉस ऑफ हेटरोझायगॉसिटी म्हणतात. बाराव्या क्रोमोसोमवर आरडीएनएच्या (रायबोसोमच्या जीन्सची लांब रांग) पलीकडे तर हे जास्तच दिसतं. २०१४ मध्ये नायस्टॅटिन या बुरशीविरोधी औषधावर प्रसिद्ध झालेल्या कामात हेच होतं, रेझिस्टन्सची म्युटेशन्स रिसेसिव्ह (एका कॉपीत असताना फायदा न दिसणारी), तरी हेटरोझायगस पॉप्युलेशन वाढल्या कारण दुसरी कॉपीही बदलली. म्हणजे चाळणीत अडकलेलं म्युटेशन अशा वाटेनेही पार होतं, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काय वाटत असेल तर हेच.

म्हणूनच सगळ्या पेशी एकत्र घेऊन केलेल्या पॉप्युलेशन सिक्वेन्सिंगमधला म्युटेशनचा ५० टक्के हा आकडा फसवा असतो. सगळ्या पेशी हेटरोझायगस असतील तरी ५०, आणि अर्ध्या पेशी होमोझायगस (दोन्ही कॉपी बदललेल्या) आणि उरलेल्या साध्या असतील तरी ५०, नुसत्या फ्रिक्वेन्सीवरून ओळखता येत नाही. क्लोन काढा, वेगवेगळे सिक्वेन्स करा. स्पोरुलेशन (डिप्लॉइड पेशीपासून हॅप्लॉइड स्पोर बनणं) होत असेल तर टेट्रॅड, म्हणजे एका पेशीचे चार स्पोर, फोडा: २:२ (दोनात म्युटेशन, दोनात नाही) आलं तर हेटरोझायगस, चारही स्पोरमध्ये म्युटेशन आलं तर होमोझायगस. फक्त बरेच दिवस ट्रान्सफर झालेल्या डिप्लॉइड लाइन्स कधी कधी स्पोरुलेट करणंच सोडून देतात, तेव्हा हे काम शेवटावर ठेवू नका.

हॅप्लॉइड कंट्रोललाही बिनधास्त सोडू नका, ते आपोआप डिप्लॉइड होऊन बसतात. फ्रीझमधल्या प्रत्येक टाइमपॉइंटचा डीएनए फ्लो सायटोमीटरवर (प्रत्येक पेशीत डीएनए किती ते मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. छोट्या कॉलनी दिसल्या तर ग्लिसरॉलच्या प्लेटवर टाका, वाढल्या नाहीत तर पेटीट, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या.

आता मुंबईचं. बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेम्परेचर' म्हणजे २०-२२ डिग्री, आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत तेच ३२ होतं, आणि बेंचवर ठेवलेलं कल्चर वाढतच राहतं, मग पिढ्यांचा हिशोब कुठल्या कुठे जातो. नंबर लिहा, शब्द नको. पावसाळ्यात प्लेटवर बुरशी लवकर येते म्हणून कोऱ्या मीडियाच्या वेल (प्लेटमधले खळगे, पेशी न घातलेले) ट्रान्सफरमध्ये कायम ठेवा, आणि त्या कडेला नाही तर मध्येमध्ये विखरून ठेवा, म्हणजे क्रॉस-कंटॅमिनेशनही पकडता येतं.

आणि ग्लिसरॉल स्टॉकचे (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींचे) दोन सेट करा, दोन वेगळ्या उणे ८० च्या फ्रीझरमध्ये, शक्यतो वेगळ्या बिल्डिंगमध्ये. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज कित्येक तास गेली होती हे आठवत असेलच, तेव्हा जनरेटर कुठल्या फ्रीझरला जोडलाय हे आजच विचारून घ्या.