ईस्टरची परात: मुलांसोबत पवित्र आठवडा कसा पाळावा

आमच्या घरी ईस्टरची तयारी केकपासून नाही, परातीपासून सुरू होते. ससा आणि चॉकलेटची अंडी पोरांना मोबाइलवर दिसतातच. हाताने करायला काही मिळालं नाही, तर त्यांच्या लेखी ईस्टर तेवढाच उरतो.

आधी तारखेचा प्रश्न मिटवा. नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरला, मग ईस्टर का सरकतो? 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. कोल्हापूरच्या मुलांना हे सांगायला सोपं आहे. जोतिबाची चैत्र यात्रा पौर्णिमेला भरते आणि बऱ्याच वर्षी त्याच पौर्णिमेपुढच्या रविवारी आपला सण येतो. 2026 चा ईस्टर असाच, 5 एप्रिलचा. संध्याकाळी रंकाळ्यावर नेऊन चंद्र दाखवा, पुन्हा समजवावं लागत नाही.

आता परात. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री मूठभर गहू भिजत घाला. रविवारी उपासनेहून आल्यावर जुन्या परातीत तीन बोटं माती पसरा, एका कडेला मातीचं बोळकं आडवं करून अर्धं पुरा. संक्रांतीच्या सुगडातलं उरलेलं असेल तर उत्तम, नाहीतर कुंभार गल्लीत मिळतं. हीच येशूची कबर. आत पांढऱ्या फडक्याची गुंडाळी ठेवा. पंचगंगेच्या घाटावरून आणलेला चपटा दगड जवळ ठेवायचा, पण तोंडावर आत्ताच लावायचा नाही. उरलेल्या मातीत गहू पेरा, वर पातळ माती टाका. शेजारी घटस्थापनेला पेरतात तसंच, त्यामुळे पोरांना हात सांगावा लागत नाही. पेरताना बायबलमधलं योहान 12:24 वाचा: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. स्पष्टीकरण देऊ नका, सात दिवस परातच बोलते.

पाणी फक्त शिंपडायचं. एका वर्षी आमच्या धाकट्याने मायेने रोज तांब्याभर ओतलं. परातीला भोक कुठलं? बुधवारी पांढरी बुरशी आणि घरभर कुबट वास. तेव्हापासून त्याच्या हातात चमचाच.

गुरुवारी रात्री घंगाळात कोमट पाणी घ्या आणि मोठ्यांनी लहानांचे पाय धुवा. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. म्हणून आजी गुडघे टेकून नातवाचे पाय धुवायला बसली की पोरगं आधी खिदळतं, मग गप्प होतं. येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहानाचा तेरावा अध्याय त्यानंतर वाचावा, आधी नाही.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची उपासना तीन तास चालते. लहानग्यांना तिथे दटावून बसवण्यात अर्थ नाही, एखादा तास पुरे. संध्याकाळी घरी सात पणत्या लावा. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार एकेकाने वाचायचे आणि प्रत्येकानंतर एक पणती विझवायची. लूक आणि योहानात तीन-तीन, उरलेला एक मत्तय व मार्कात. खिळ्यांचं वर्णन पाच वर्षांच्या लेकराला नको. शेवटची पणती विझली की अंधारातच कबरीला धोंड लावा.

शनिवारी काही साजरं करू नका. गाणं नाही, गोडधोड नाही. पोरं दहा वेळा विचारतील, "धोंड काढू का?" नाही म्हणा. माझ्या मते अख्ख्या आठवड्यातलं हेच सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं.

हात मात्र गुंतवा, अंडी रंगवा. गावरान अंड्यावर रंग उठत नाही, पांढरीच घ्या. सहा-सात कांद्यांची सालं पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. अंड्यावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवून पातळ फडक्यात घट्ट बांधा आणि त्याच पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा. फडकं सोडलं की विटकरी रंगावर पानाची पांढरी नक्षी निघते. पूर्वी मंडळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी खात नसत, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या. साठलेली अंडी ईस्टरला निघायची, असं पोरांना सांगा.

रात्री सगळे झोपल्यावर धोंड बाजूला करा. फडकं उलगडा, त्यातला छोटा तुकडा वेगळा गुंडाळून ठेवा, कारण योहान 20:7 मध्ये डोक्याचा रुमाल तसाच निराळा सापडतो. पहाटे दिवा न लावता मुलांना परातीशी आणा. गहू तोवर बोट-दीड बोट वर आलेला असतो. "प्रभू उठला आहे!" असं म्हणा, उत्तर त्यांनी द्यायचं: "खरोखर उठला आहे!" मग पहाटेची उपासना.

1852 मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, त्याआधी कुणी इथे ईस्टरच्या जेवणाला तांबडा-पांढरा केला असेल असं वाटत नाही. आता त्याशिवाय आमचा सण होत नाही. दुपारी पोरांच्या हातून शेजारी अंडी पाठवा. शाकाहारी घरी अंडी नकोत, बिनअंड्याचा रवा केक द्या आणि आधीच तसं सांगा.

सोमवारी आमचा गहू मागच्या गल्लीतल्या शेळीला जातो. दगड मोठीच्या दप्तरात सापडतो.