ऑनलाइन वर्ग आणि कंबरदुखी : या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि नाशिकमधील महाविद्यालयांचे वर्ग घराघरांत भरू लागले, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिवाण धरला आणि प्राध्यापकांनी जेवणाचे टेबल. कंबर दुखू लागल्यावर दोष खुर्चीला देण्यात आला. परंतु कॉलेज रोडपर्यंतची ये-जा, जिन्यांची चढउतार आणि फळ्यासमोर तासन्‌तास उभे राहून शिकवणे ही नकळत होणारी हालचाल एकाएकी बंद पडली होती, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्यामुळे महागडी खुर्ची आणून तिच्यावर सलग चार तास ताठ बसणे, ही पहिली चूक ठरते. कोणतीही एकच बैठक, ती कितीही ‘योग्य’ असली तरी, फार वेळ टिकवली की पाठीचे स्नायू आखडतात. म्हणून दर अर्ध्या तासाने उठावे. प्राध्यापकांनी एखादे व्याख्यान उभे राहून द्यावे, तर विद्यार्थ्यांनी पडद्याकडे पाहण्याची गरज नसलेला तास गच्चीत फिरत ऐकावा. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्याने दोन्ही एकाच वेळी सोयीच्या उंचीवर येत नाहीत. तो जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कळफलक जोडावा आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्यावा.

दुसरी चूक अधिक महागात पडते. कंबर धरली की अनेक जण आठवडाभर अंथरुणावर पडून राहतात. बहुतेक कंबरदुखीमागे गंभीर आजार नसतो आणि ती काही आठवड्यांत कमी होते. दीर्घ विश्रांतीने मात्र बरे होणे लांबते. झेपेल तेवढे चालत राहावे. पट्टा कायमचा बांधू नये आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्या जठराला व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. एमआरआयची घाईही नको, कारण कसलाही त्रास नसलेल्या अनेक माणसांच्या अहवालातही मणक्यांमधील चकती सरकल्याचे दिसते आणि मग अहवालाचीच धास्ती बसते.

कोविडची साथ असेल तेव्हा तापासह अचानक अंग आणि कंबर दुखू लागल्यास दोष बैठकीला देण्याऐवजी आधी कोविडची चाचणी करावी. पडल्यानंतर सुरू झालेले किंवा विनाकारण वजन घटत असताना होणारे दुखणे डॉक्टरांना दाखवावे; आणि लघवी-शौचावरील ताबा सुटला, जांघेभोवती बधिरपणा आला किंवा पायातील ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.