लॅन्टेनाने मान टाकली? पाण्याआधी मातीत बोट घाला

मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवर गेलं की लॅन्टेनाची पानं लोंबलेली दिसतात आणि हात आपोआप पाइपकडे जातो. तो हात आवरा. पडीक जमिनीवर, कोणी थेंबभर पाणी न घालता फोफावणारी ही घाणेरी कुंडीत मरते ती बहुतेक वेळा तहानेनं नाही, पाण्यानं मरते. इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवरचं पिवळं-केशरी झाड मी असंच घालवलं. पानं मलूल दिसली की पाणी, आणखी मलूल झाली की आणखी पाणी. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा चिखलाचा गोळा बाहेर आला आणि त्याला तुंबलेल्या गटारासारखा वास होता.

घोटाळा असा होतो की कोरडं पडलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत उभं राहूनही झाड तहानलेलंच राहतं. म्हणून आधी निदान, मग उपचार.

सकाळी सातला बघा

कडक उन्हात पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत, म्हणून झाड पानं सैल सोडतं. ऊन उतरून माळव्याचा तो संध्याकाळचा गार वारा सुटला की पानं पुन्हा ताठ होतात. हे आजारपण नाही, काही करू नका. सकाळीही मान खालीच असेल तर मात्र कामाला लागा.

मग बोट

बोट दोन पेरं मातीत घाला. वरची माती फसवते, ती उन्हानं तासाभरात वाळते. कुंडी उचलूनही बघा, कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते. झाड नुकतंच नर्सरीतून आणलं असेल तर बोट बुंध्यालगतच्या मूळ गोळ्यात घाला. काळ्या पिशवीतला तो घट्ट मातीचा गोळा आपण तसाच लावतो, मग बाजूची माती ओली आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा, असं होतं.

माती कोरडी असेल तर

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून निघून जातं. आपल्याला वाटतं, पाणी भरपूर दिलं. अशा वेळी बादलीत किंवा घमेल्यात पाणी भरून कुंडी त्यात अर्धी बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले, वरची माती ओलसर दिसली की बाहेर काढा. साधारण अर्धा तास लागतो. पाणी निथळू द्या आणि दोन दिवस दुपारच्या सावलीत ठेवा. नुसती तहान असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत पानं उभी राहतात.

माती ओली असेल तर

इथे खरी परीक्षा आहे, घाई करू नका. कुंडी आडवी करा, कडेनं थापट्या मारा आणि झाड बुंध्याशी धरून सावकाश ओढा. हातमोजे घाला, लॅन्टेनाच्या फांद्या खरखरीत आणि काटेरी असतात. आता एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढुरकं, टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं आणि बुळबुळीत असतं. त्याची साल बोटांत निघून येते आणि मागे नुसता दोरा उरतो.

कात्री स्पिरिटनं पुसून असली मुळं चांगला भाग लागेपर्यंत कापा. मुळं कमी झाली म्हणजे वरचा भारही कमी करायला हवा, म्हणून फांद्या एक तृतीयांश छाटा आणि फुलं-कळ्या सगळ्या काढून टाका. जीव तुटतो, पण काढाच. मग उरलेल्या मुळांच्या मापाची, तळाला मोकळी भोकं असलेली मातीची कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओलीच राहते.

भरायला एक भाग काळी माती, एक भाग धुतलेली जाड रेती आणि एक भाग मुरलेलं कंपोस्ट घ्या. कंपोस्ट पूर्ण मुरलेलं हवं, हातात घेतल्यावर गरम लागता कामा नये आणि त्याला पावसाच्या मातीसारखा वास हवा. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या याच शहरात कंपोस्टची पद्धत बसवली आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तेव्हा इंदूरकरांनी तरी कुंडीत कच्चं शेण घालू नये. लावल्यावर एकदाच बेताचं पाणी द्या, पुढचं पाणी दोन पेरं माती वाळल्यावर. नवी पालवी येईपर्यंत खत अजिबात नको.

मातीत दोष नसेल तर पान उलटा

मागच्या बाजूला बारीक चपटे किडे, काळे ठिपके, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण असेल आणि वरून पान फिकट, ठिपकेदार दिसत असेल तर रस शोषला जातोय. पाण्याची जोरदार धार पानांच्या मागून मारा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

बोरिंगचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या करपलेल्या कडा दिसतील. तो क्षार आहे. नळाचं नर्मदेचं पाणी भरपूर सोडून माती एकदा धुऊन काढा आणि पूर्ण निथळू द्या.

झाड जिवंत आहे का?

सगळी पानं गळली तरी लगेच उपटू नका. फांदी नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली छाटत या. थंडीत लॅन्टेना तशीही मंदावते, त्या दिवसांत पाणी कमी करून वाट बघणंच बरं.

छाटलेल्या फांद्या गायी-बकऱ्यांपुढे टाकू नका, पानं जनावरांना विषारी आहेत. हिरवी फळं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. काळी पिकलेली फळं पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. मध्य प्रदेशातली जंगलं या झुडपानं आधीच दाटली आहेत, म्हणून फुलं सुकली की गुच्छ खुडून टाकायची सवय ठेवा. त्यानं नवी फुलंही लवकर येतात.

छाटणीतल्या बिनफुलांच्या चार-चार इंची फांद्या मात्र फेकू नका. खालची पानं काढून ओलसर रेतीत खोचा आणि सावलीत ठेवा. मूळ झाड गेलंच तरी तोच रंग तुमच्याकडे राहील. उबदार दिवसांत सावरणाऱ्या झाडाच्या पेरांवर दोन-तीन आठवड्यांत पानांच्या इवल्या जोड्या फुटतात. त्या दिसल्या की कुंडी आधी सकाळच्या उन्हात सरकवा, मग आठवडाभरात गच्चीच्या त्या कोपऱ्यात, जिथे निदान सहा तास ऊन मिळतं.