घरच्या किराण्यावरून किंमत निर्देशांक कसा काढावा

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला किंमत निर्देशांकाचे, म्हणजे आधीच्या काळाचे भाव १०० धरले तर आताचे भाव किती हे सांगणाऱ्या आकड्याचे, सूत्र बहुतेक विद्यार्थी पाठ करतात. त्याऐवजी घरच्या किराण्याच्या यादीवरून एक निर्देशांक स्वतः काढून पाहावा.

प्रथम नेहमी लागणाऱ्या चार-पाच वस्तू निवडून त्यांचे भाव दोन वेळा नोंदवावेत. दोन्ही वेळा दुकान आणि मालाची प्रत एकच असावी. एकदा नागपूरच्या इतवारीतला ठोक भाव आणि एकदा गोकुळपेठेतला किरकोळ भाव घेतला, तर दिसणारा फरक महागाईचा राहत नाही. महिनाही दोन्ही वर्षांचा तोच घ्यावा, कारण संत्र्याचा भाव अंबिया आणि मृग बहाराप्रमाणे (संत्र्याच्या दोन हंगामांप्रमाणे) चढतो-उतरतो.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. आधार महिन्यात, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या आधीच्या महिन्यात, तांदूळ ५० रुपये, तूरडाळ १२० आणि फल्ली (शेंगदाणा) तेल १५० रुपये किलो, तर संत्री ६० रुपये डझन होती. वर्षभराने हेच भाव अनुक्रमे ५५, १५०, १६५ आणि १२० झाले. नुसत्या भावांची बेरीज केली तर ती ३८० वरून ४९० वर जाते, म्हणजे निर्देशांक (४९० भागिले ३८०, गुणिले १००) १२८.९ येतो. आता संत्र्याचा भाव डझनाऐवजी नगावर लिहावा: आधी ५ रुपये, आता १०. बेरजा ३२५ आणि ३८० होतात आणि निर्देशांक ११६.९ वर उतरतो. बाजारात काहीच बदलले नाही, बदलले ते आपले माप. म्हणून ही रीत परीक्षेपुरतीच ठेवावी.

प्रत्येक वस्तूची टक्केवारी स्वतंत्र काढली (११०, १२५, ११०, २००) तर मापाचा दोष जातो, परंतु त्यांची साधी सरासरी १३६.२५ येते, कारण महिन्याला दोन डझन संत्र्यांना वीस किलो तांदळाइतकेच महत्त्व मिळते.

यावर अर्थशास्त्रज्ञ लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडलेला उपाय असा, की आधार काळात घेतलेले प्रमाण कायम धरून दोन्ही काळांचा खर्च काढावा. तांदूळ २० किलो, डाळ ५ किलो, तेल ४ किलो आणि संत्री २ डझन धरल्यास खर्च २,३२० रुपयांवरून २,७५० वर जातो. भागाकाराला १०० ने गुणले की ११८.५.

महागल्यामुळे घरात आता डाळ ४ किलो आणि संत्री एकच डझन येत असतील, तर चालू प्रमाण वापरणारी अर्थशास्त्रज्ञ पाशे यांची रीत २,४८० भागिले २,१४०, म्हणजे ११५.९ देते. दोन्हींचा भूमितीय मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ), म्हणजे अर्थशास्त्रज्ञ फिशर यांचा निर्देशांक, ११७.२ येतो. व्यवहारात मात्र लास्पेयरची रीतच सोयीची पडते, कारण तिच्यात दर महिन्याला नव्याने खपाची पाहणी करावी लागत नाही.

आपल्या उत्तराशी ताडून पाहण्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा. त्याचे आधार वर्ष २०१६ असून नागपूर हे त्यासाठी भाव नोंदवण्याचे एक केंद्र आहे. मात्र त्यात घरभाडे, कपडे, औषधेही येत असल्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. तुलना करताना वजाबाकीवर थांबू नये: निर्देशांक १४० वरून १४७ झाला, तर वाढ ७ अंकांची आणि ५ टक्क्यांची असते.