कमोडची सीट सरकते? या चुका टाळा

सीट सरकायला लागली की घरातला माणूस आधी पाना शोधतो, आणि बिघाड तिथूनच वाढतो. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या फ्लॅट स्कीममधली नळ-फ्लशची किरकोळ कामं बरीच वर्षं मी बघतो. सीटची तक्रार घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं एकच म्हणणं असतं, "भाऊ, नट फुल टाइट केला, तरी हलूनच राह्यली."

हलणारच. कमोडच्या मागच्या बाजूला सीटसाठी जी दोन भोकं असतात, ती बोल्टापेक्षा मोठी असतात. चिनी माती भट्टीत भाजताना आकसते, त्यामुळे दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक भांड्यात तंतोतंत सारखं येत नाही. बोल्ट पुढेमागे करून बसवता यावा म्हणून ही ढील ठेवलेली असते. ती भरायला सीटच्या पाकिटात रबरी बुश येतो, एका टोकाला निमुळता. तो निमुळतं टोक वर करून खालून भोकात घुसवायचा आणि मग नट चढवायचा. नट आवळला की बुश भोकात दबतो आणि बोल्ट मध्यभागी धरून ठेवतो. पण बसवणारा घाईत असला की बुश पाकिटातच राहतो आणि पाकीट कचऱ्यात जातं. मग नुसत्या नटाच्या दाबावर सीट थांबेल कशी? खालची चिनी माती काचेसारखी गुळगुळीत, वर माणसाचं वजन, आणि उठताना आपण नेहमी एकाच बाजूला जोर देतो. आठ दिवसांत सीट पुन्हा तिरपी.

त्यामुळे माझ्याकडे कोणी आलं की मी आधी बुश आहे का ते विचारतो. नसेल तर इतवारीतल्या लोहाओळीत किंवा घराजवळच्या सॅनिटरीच्या दुकानात सीटचा नट-बोल्ट सेट सुटा मिळतो, नवी सीट घ्यायची गरज नाही. जुना बोल्ट सोबत न्या आणि त्याच मापाचा मागा. तोही मिळाला नाही तर मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापतो. भोकात दाबून बसेल इतके वेढे बोल्टाला देतो आणि एक गोल तुकडा बिजागरीच्या बुडाखाली ठेवतो. आमच्याच बाथरूममध्ये असं बसवलेल्या सीटला चार वर्षं झाली.

आता पक्कडीबद्दल, कारण याच चुकीने मी एक घर दोन दिवस हैराण झालेलं पाहिलं आहे. दुसऱ्या मजल्यावर एक काकाजी राहतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांची सीट सरकायची, त्यामुळे उठताना त्यांना भीती वाटायची. मुलाने रविवारी सकाळी मोठी पक्कड लावून नट आवळला. त्याच्या कानावर बारीक 'कट्' आवाज आला, पण सीट घट्ट झाली म्हणून तो खूश होता. पुढच्या आठवड्यात फ्लश केला की कमोडच्या मागून पाणी झिरपायला लागलं. भोकापासून वरच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. तडकलेल्या चिनी मातीचा भरवसा नसतो, वजन आलं की ती फाकते आणि तिची धार सुरीसारखी लागते. अख्खं भांडं बदलावं लागलं. पांढरं सिमेंट फोडताना दोन टाइल्सही गेल्या. दोन दिवस काकाजी काठी टेकत शेजारच्यांकडे जात होते, आणि मूळ बिघाड होता एका रबरी बुशाचा. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

प्लास्टिकचा नट हातानेच आवळा. हात थांबला की पाव फेरा आणखी, बस. माझी पद्धत अशी: दोन्ही नट अर्धे आवळायचे, सीट खाली टाकून पुढची कड भांड्याच्या कडेशी जुळवायची, घरातल्या कोणाला तरी बसवून पाहायचं, आणि मग डावा-उजवा असे आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू पूर्ण आवळली तर सीट तिथेच तिरपी होते.

एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद भोकात भरू नका. पुढच्या वेळी सीट काढायला छिन्नी लागेल, आणि छिन्नी लागली की भांडं गेलंच समजा. ज्यांना पाच मिनिटांत काम संपवायचं असतं, त्यांचा हा आवडता उपाय आहे. मी तो कोणालाही करू देत नाही.

बोअरचं पाणी असेल तर नटावर पांढरा थर बसतो, लोखंडी नट गंजून जाम होतो. हातोडा मारू नका. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर थांबा. तरी सुटला नाही तर भांड्याला चिकटपट्टी लावून करवतीच्या पात्याने नट कापा. आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड बिजागरीवर ओतू नका, ते धातू खातं.

सीटच्या खालची चार रबरी बटणं पाहिली का? एक जरी पडलं असेल तरी सीट डुगडुगते आणि लोक उगाच नट आवळत बसतात.

भिंतीवरच्या कमोडला खालून हात जात नाही. तिथे वरून स्क्रू फिरवला की भोकातलं रबर फुगतं. ते रबर कडक झालं असेल तर कितीही फिरवा, स्क्रू नुसता फिरतो. रबरच बदला.

नवा बुश बसवला की आठ दिवसांनी एकदा हात लावून बघा, रबर दबून नट थोडा सैल पडतो. तेव्हा पुन्हा पाव फेरा, तोही हातानेच.