टास्क मॅनेजर उघडून दिसेल ते बंद करताय? या चुका टाळा

विंडोज लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, माऊस अडकायला लागला की बरेच जण कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रामची यादी) उघडतात आणि ज्याचं नाव ओळखीचं वाटत नाही त्यावर एंड टास्क मारत सुटतात. प्लीज असं करू नका. आधी वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) लिहिलंय तिथे क्लिक करा म्हणजे तो जास्त खाणारं वर येतं, आणि दोन मिनिटं नुसतं बघा. क्षणभर १०० टक्के होऊन खाली आलं तर काळजी नाही, तसंच अडकून बसलं तरच शोधाशोध करायची.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला, "अरे सगळे आयकॉन गेले, खालची पट्टी पण गेली!" तिने टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जाऊन एक्सप्लोरर बंद केला होता, म्हणजे आपला डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रामच. रीस्टार्ट करायची गरज नव्हती, तिला परत टास्क मॅनेजर उघडायला लावला, रन न्यू टास्क मध्ये एक्सप्लोररचं इंग्रजी स्पेलिंग टाकून एंटर, की सगळं जागेवर.

त्याच डिटेल्समध्ये सिस्टिम आयडल प्रोसेससमोर ९५ दिसतं आणि लोक घाबरतात. अहो ते उलटं आहे, ९५ म्हणजे प्रोसेसर तेवढा रिकामा बसलाय.

सर्व्हिस होस्ट, म्हणजे विंडोजच्या मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम, वीस-पंचवीस वेळा दिसला म्हणून व्हायरस समजू नका. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या चालतात, म्हणून यादी लांब दिसते. शंका असेल तर राइट क्लिक करून फाईल लोकेशन बघा, फोल्डर विंडोजमधला सिस्टिम३२ असेल तर ठीक, पण याच नावाची फाईल डाऊनलोड्स किंवा टेम्प (तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर) मधून चालत असेल तर लगेच फुल स्कॅन लावा.

अँटिमालवेअर सर्व्हिस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, यादीत वर दिसली तर बहुतेक वेळा स्कॅन चालू असतो, चार्जर लावून पूर्ण होऊ द्या, अँटिव्हायरसच बंद करून टाकणं हा उपाय नाही. कुठल्याही प्रोग्रामची प्रायॉरिटी (प्राधान्य) रिअलटाइम तर कधीच करू नका, तो एक प्रोग्राम सगळं ओढून घेतो आणि माऊस-कीबोर्ड पण गोठू शकतात. सिस्टिम इंटरप्ट्स (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारे इशारे) सतत वर असेल तर बहुधा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) नाहीतर जोडलेलं काहीतरी बिघडलंय, यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघा. क्रोम खात असेल तर अख्खा बंद कशाला करताय, क्रोममध्येच शिफ्ट एस्केप दाबा, कुठला टॅब दोषी ते कळतं, तेवढाच बंद करा.

आणि एक गोष्ट फार जण बघतच नाहीत. काम चालू असताना परफॉर्मन्स टॅबमधला स्पीड बघा, खाली लिहिलेल्या बेस स्पीडपेक्षा तो बराच कमी अडकलेला असेल तर प्रोसेसर गरम होऊन स्वतःच हळू झालाय किंवा पॉवर सेव्हिंग चालू आहे, तिथे प्रोसेस मारून काही होणार नाही. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, जाळी धुळीने भरली असेल तर साफ करून घ्या, मग परत स्पीड बघा.